सेल्सफोर्सवर एफएफलिब आणि 'फ्लो आधी' हा कंपनीचा सल्ला: दोन्ही एकत्र कुणी चालवलंय का?

पायवाट
नमस्कार मंडळी. धागा सेल्सफोर्सवाल्यांसाठी (विक्री-ग्राहकसेवेचं क्लाउड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी) काढतोय, पण एका कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर दुसऱ्याच कुणाचं फ्रेमवर्क घेऊन काम करणाऱ्या कुणीही लिहावं.

आमच्याकडे नवीन ऑर्ग (कंपनीची स्वतःची सेल्सफोर्स मांडणी) उभी राहतेय. विक्री, ग्राहकसेवा, करार आणि बाहेरच्या सिस्टिम्सशी बरीच देवाणघेवाण असं कामाचं स्वरूप आहे. डेव्हलपर मंडळींना एफएफलिब हवंय, म्हणजे अपेक्स या सेल्सफोर्सच्या भाषेतला कोड थरांत मांडायचं फ्रेमवर्क. सर्व्हिस (मुख्य काम), डोमेन (एका ऑब्जेक्टचे नियम आणि ट्रिगरचा कोड), सिलेक्टर (क्वेरी), यूनिट ऑफ वर्क (सगळे बदल एकत्र लिहिणारा) असे थर ठरलेले असले की कुठला कोड कुठे जाणार यावर रोज वाद होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ॲडमिन मंडळी सांगतात की सेल्सफोर्स स्वतः म्हणतंय, जे फ्लोमध्ये (कोड न लिहिता ऑटोमेशन करायचं साधन) होतं ते फ्लोमध्येच करा, कोडकडे नंतर वळा. मला दोन्ही बाजू पटतात आणि निर्णय मलाच घ्यायचाय.

प्रश्न दोन. एकाच ऑब्जेक्टवर (म्हणजे रेकॉर्डच्या एका प्रकारावर) फ्लो आणि एफएफलिबचं डोमेन दोन्ही ठेवलं तर नेमकं काय बिघडतं? आणि दोघांचं जमत नसेल तिथे शब्द कुणाचा शेवटचा मानायचा?

कोरीपाटी
वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद आहे, फक्त आवाज जरा मोठा.

जुनेजाणते
पायवाट, आधी एक गैरसमज दूर करू. एफएफलिब म्हणजे सेल्सफोर्सच्या विरोधात उभं राहिलेलं काही नाही. हे पॅटर्न अँड्र्यू फॉसेट यांनी फायनान्शियलफोर्समध्ये असताना अपेक्ससाठी मांडले. त्याचा पाया मार्टिन फाउलर यांनी २००२ साली मांडलेल्या एंटरप्राइज पॅटर्न्समध्ये आहे. सेल्सफोर्सच्या ट्रेलहेड या शिकवणीच्या साइटवर सर्व्हिस लेयर आणि डोमेन-सिलेक्टर लेयर असे दोन मोड्यूल आहेत, ते हेच शिकवतात. म्हणजे विचार कंपनीला मान्य आहे. लायब्ररी मात्र ओपन सोर्स आहे, तिला कंपनीचा सपोर्ट नाही. काही अडलं तर सपोर्ट केस टाकून उपयोग नाही, कोड उघडून तुम्हालाच वाचावा लागेल.

दुसरं असं की 'कंपनीची शिफारस' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकल्या जातात. एक आहेत गव्हर्नर लिमिट्स. एका सिंक्रोनस ट्रान्झॅक्शनमध्ये १०० क्वेरी (डेटा वाचणं), १५० डीएमएल (डेटा लिहिणं), १०,००० मिलिसेकंद सीपीयू, ६ एमबी हीप (मेमरी). यात तडजोड नसते, ओलांडलं की ट्रान्झॅक्शन मोडतं. दुसरा आहे सल्ला, की अमुक साधन वापरा, तमुक टाळा. सल्ला बदलतो. एके काळी प्रोसेस बिल्डर (ऑटोमेशनचं जुनं साधन) वापरा म्हणून सांगत होते, आणि त्याच प्रोसेस बिल्डरचा आणि वर्कफ्लो रूल्सचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार असं पुढे कंपनीनेच जाहीर केलं. लिमिट्सपुढे फ्रेमवर्कने निमूट मान तुकवायची. सल्ला मात्र आपल्या ऑर्गला लावून पाहायचा आणि मग ठरवायचं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हे.

धडाकेबाज
जुनेजाणते यांच्याशी निम्मा सहमत. पण एफएफलिब म्हटलं की सगळे थर डोळे झाकून आणले जातात, ते मला पटत नाही. एका ऑब्जेक्टसाठी डोमेन क्लास, त्याचा इंटरफेस, सिलेक्टर, त्याचाही इंटरफेस, सर्व्हिस, तिची इम्प्लिमेंटेशन आणि वर ॲप्लिकेशन क्लासमधल्या फॅक्टरीत तीन नोंदी. आणि काम काय, तर एक तारीख भरायची! हे before-save (रेकॉर्ड सेव्ह होण्याआधी चालणाऱ्या) फ्लोमध्ये एका असाइनमेंटने होतं, ॲडमिनला वाचता येतं आणि उद्या नियम बदलला तर डिप्लॉयमेंटच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पाच-सहा कस्टम ऑब्जेक्ट असलेल्या ऑर्गला एफएफलिब नको, असं माझं स्पष्ट मत.

सावकाश
@पायवाट, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऑर्डर ऑफ एक्झिक्यूशनमध्ये आहे. रेकॉर्ड सेव्ह होताना आधी before-save फ्लो चालतात, मग before ट्रिगर (सेव्ह होताना आपोआप चालणारं अपेक्स), मग कस्टम व्हॅलिडेशन रूल्स, मग डेटाबेसमध्ये नोंद (कमिट अजून नाही), मग after ट्रिगर. after-save फ्लो बरेच नंतर येतात.

आता हे जवळून पाहा. संधीच्या (ऑपॉर्च्युनिटी) रेकॉर्डवर एक before-save फ्लो आहे, तो रक्कम बघून सवलतीचा गट 'ब' असा भरतो. त्याच ऑब्जेक्टच्या डोमेन क्लासमध्ये onBeforeUpdate आहे आणि तोही तेच फील्ड भरतो, फक्त जुन्या नियमाने. ॲडमिन फ्लो बिल्डरमध्ये डीबग चालवतो. गट 'ब' येतो, फ्लो बरोबर. रेकॉर्ड सेव्ह करतो, तर पडद्यावर गट 'अ'. फ्लोने लिहिलेलं डोमेनने पुसलं, कारण ट्रिगर नंतर चालला. कुठेही एरर नाही, फ्लोही हिरवा आणि अपेक्सच्या टेस्टही हिरव्या. असा बग शोधायचा तर डीबग लॉग उघडून कुठलं कोड यूनिट कधी सुरू झालं त्या ओळी वरून खाली वाचत जायच्या, दुसरा इलाज नाही.

after-save फ्लोची गोष्ट अजून वेगळी. तो फ्लो त्याच रेकॉर्डवर अपडेट करत असेल तर सेव्हचं चक्र पुन्हा फिरतं, before आणि after ट्रिगर परत चालतात, डोमेन पुन्हा सिलेक्टरना बोलावतं आणि त्याच ट्रान्झॅक्शनच्या शंभर क्वेरींतून दुप्पट खर्च होतो. फ्लोमधलं गेट रेकॉर्ड्सही त्याच शंभरात मोजलं जातं हे फार जणांच्या ध्यानात राहत नाही. '१०१ क्वेरी' ही एरर अपेक्सच्या ओळीवर फुटते म्हणून डेव्हलपरला पकडतात, पण खर्च दोघांनी मिळून केलेला असतो.

पायवाट
@सावकाश, आभार. म्हणजे नियम असा करता येईल का, की एका फील्डचा मालक एकच? फ्लो किंवा डोमेन, दोघं नाही.

सावकाश
फील्डपुरता हा नियम चांगला आहे, आणि कागदावर नको, फील्डच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहा. पण मी एक पायरी वर जाईन: ऑब्जेक्टचा मालक एक. ज्या ऑब्जेक्टवर इंटिग्रेशनमधून हजारोंनी रेकॉर्ड येतात, गुंतागुंतीचे हिशेब आहेत, ते पूर्ण डोमेनकडे. जिथे माणसं एकेक रेकॉर्ड भरतात आणि नियम सारखे बदलतात, ते पूर्ण फ्लोकडे. 'फ्लो की अपेक्स' हा प्रश्न आख्ख्या प्रोजेक्टला विचारला की भांडण होतं, एकेका ऑब्जेक्टला विचारला की बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं.

धडाकेबाज
+१. आणि लक्षात घ्या, सेल्सफोर्सच्या आर्किटेक्ट मंडळींचं मार्गदर्शकही काही 'कोड नकोच' असं म्हणत नाही. त्याच रेकॉर्डवरची साधी फील्ड-अपडेट before-save फ्लोमध्ये करा, मोठ्या संख्येचं आणि किचकट काम अपेक्समध्ये, असंच आहे ते. 'फ्लो आधी' हे त्याचं मीटिंगमध्ये झालेलं लघुरूप.

मोरपीस
मी ॲडमिन आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. ऑब्जेक्टचा मालक एक, हे ऐकायला छान आहे. पण अकाउंट आणि केस यांसारख्या ऑब्जेक्टवर ते टिकत नाही, तिथे सगळ्यांनाच काहीतरी हवं असतं. सगळं डोमेनकडे दिलं की 'केस अर्जंट असेल तर मॅनेजरला कळवा' एवढ्या कामासाठी आम्हाला डेव्हलपरच्या स्प्रिंटची वाट बघत बसावं लागतं. ते दर वेळी परवडत नाही.

आमच्या टीमने काढलेला मार्ग सांगते. नियम कधी लागू होतो हे फ्लोमध्ये, आणि काम कसं होतं हे सर्व्हिसमध्ये. मधला पूल म्हणजे इन्व्होकेबल मेथड, फ्लोमधून बोलावता येणारं अपेक्स. फ्लो फक्त अट तपासतो आणि ॲक्शन बोलावतो. आत एक छोटा क्लास आहे, तो सर्व्हिसला हाक मारतो. आम्हाला अपेक्स यायची गरज नाही, डेव्हलपरना आमच्या अटींत डोकं घालायची गरज नाही.

जुनेजाणते
मोरपीस यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. त्यात एवढीच भर घालतो. इन्व्होकेबल मेथडला लिस्ट मिळते आणि ती लिस्ट म्हणूनच हाताळायला हवी. फ्लो २०० रेकॉर्डसाठी एकदम चालला तर ॲक्शनला २०० विनंत्या एकत्र येतात. बरेच जण लिस्टमधला पहिलाच घटक घेतात किंवा लूप लावून प्रत्येकासाठी सर्व्हिस बोलावतात. सर्व्हिसमध्ये commitWork (यूनिट ऑफ वर्कमधले बदल डेटाबेसमध्ये लिहिणारी मेथड) असेल तर प्रत्येक फेरीला निदान एक डीएमएल, म्हणजे १५० ची मर्यादा दोनशे रेकॉर्डच्या आतच संपते. बरोबर पद्धत म्हणजे त्या छोट्या क्लासमध्ये सगळे आयडी गोळा करायचे, सर्व्हिसला एकदाच द्यायचे, एकच यूनिट ऑफ वर्क, शेवटी एकच commitWork. इथे कंपनीचा बल्किफिकेशनचा (रेकॉर्ड एकेक न घेता एकत्र हाताळायचा) आग्रह आणि फ्रेमवर्कची रचना एकाच दिशेने जातात.

कोरीपाटी
एक बाळबोध प्रश्न. ट्रिगर दोनदा चालू नये म्हणून सगळीकडे स्टॅटिक बूलियन ('एकदा चालून झालं' अशी हो/नाही खूण) लावलेला दिसतो. एफएफलिबमध्येही तोच लावायचा का?

सावकाश
बाळबोध मुळीच नाही. तो बूलियन हा धोकाच आहे. अपेक्समधून १,००० रेकॉर्डचं एक अपडेट केलंत तर ट्रिगर २००-२०० च्या तुकड्यांत पाच वेळा चालतो, पण ट्रान्झॅक्शन एकच असतं, म्हणून स्टॅटिक व्हेरिएबल तसंच राहतं. पहिल्या तुकड्यात बूलियन खरा झाला की उरलेले ८०० रेकॉर्ड न बघताच पुढे जातात. एरर येत नाही, म्हणून कळतही नाही. त्यापेक्षा हाताळून झालेल्या आयडींचा सेट ठेवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फील्ड खरंच बदललंय का हे जुन्या आणि नव्या किमती ताडून बघा. बदल नसेल तर काम नाही. दुसऱ्या फेरीला आपोआप आळा बसतो.

रानवारा
तुम्ही सगळे एफएफलिबभोवतीच फिरताय. पायवाट यांनी ट्रिगर ॲक्शन्स फ्रेमवर्कही बघावं. मिच स्पॅनो यांचं आहे, तेही ओपन सोर्स. ऑब्जेक्टवर ट्रिगर एकच, आणि त्याने कुठल्या ॲक्शन कुठल्या क्रमाने चालवायच्या हे कस्टम मेटाडेटामध्ये लिहायचं. खासियत अशी की त्या यादीत अपेक्स क्लासही बसतो आणि फ्लोही बसतो. सावकाश यांनी सांगितलेला 'नंतर चालणारा जिंकतो' हा घोळ तिथे राहत नाही, कारण क्रम एकाच जागी उघड दिसतो.

नुसत्या फ्लोंचा आपसातला क्रम आता फ्लो ट्रिगर एक्सप्लोररमध्ये १ ते २००० असे आकडे देऊन लावता येतो, पण तो फक्त फ्लो-फ्लोमधला. फ्लो आणि ट्रिगर यांचा क्रम त्याने बदलत नाही.

धडाकेबाज
हे आवडलं. पण मग यूनिट ऑफ वर्क आणि सिलेक्टर?

रानवारा
ते एफएफलिबमधून घेता येतात. एफएफलिब घेतलं म्हणजे त्याचं डोमेनच ट्रिगर हँडलर म्हणून वापरलं पाहिजे अशी सक्ती नाही. ट्रिगरसाठी एक, डीएमएल आणि क्वेरीसाठी दुसरं, असं खुशाल चालतं. मात्र ते प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर नवीन माणूस दोन्हीकडे ट्रिगरचा कोड टाकेल.

शब्दवेध
सिलेक्टरवरून सुरक्षेचा विषय काढतो, तो अजून कुणी काढला नाही. अपेक्स मुळात सिस्टिम मोडमध्ये चालतं, म्हणजे युजरला जे फील्ड दिसायला नको तेही क्वेरीत येतं. सिलेक्टरमध्ये परवानग्या तपासण्याची जुनी पद्धत प्रत्येक फील्डचं डिस्क्राइब (फील्डची माहिती आणि परवानगी) बघायची, आणि फील्ड जास्त असतील तर त्यात सीपीयू जातो. स्प्रिंग २३ या रिलीजपासून क्वेरी आणि डीएमएल दोन्हींना यूजर मोड अधिकृतपणे मिळाला. ऑब्जेक्ट, फील्ड आणि शेअरिंग, तिन्ही परवानग्या प्लॅटफॉर्म स्वतः बघतो. जे काम प्लॅटफॉर्म करू लागला, ते फ्रेमवर्ककडून काढून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. एफएफलिबची वर्षांपूर्वीची प्रत कुणी ऑर्गमध्ये आणून टाकली असेल तर ती तशीच वापरू नका, ताजी प्रत घ्या आणि क्वेरी कुठल्या मोडमध्ये चालतात ते उघडून बघा.

मोरपीस
यावर एक शंका. यूजर मोड सगळीकडे लावला तर मागे चालणारे हिशेब अडतील ना? साध्या युजरला जे फील्ड दिसत नाही, त्यावरूनच एखादी बेरीज करायची असते.

शब्दवेध
अडतील, म्हणून सरसकट नाही. पडद्यावर जे दाखवायचं आणि पडद्यावरून जे लिहायचं ते यूजर मोडमध्ये. आतले हिशेब सिस्टिम मोडमध्ये, पण तसं क्वेरीत स्पष्ट लिहून, म्हणजे कोड वाचणाऱ्याला ते जाणूनबुजून केलंय हे कळतं.

निवांतक्षण
मंडळी, टेस्टिंगबद्दल कुणीच बोलत नाही! एफएफलिबबरोबर अपेक्समॉक्स येतं. सिलेक्टर आणि सर्व्हिसच्या जागी खोटे ऑब्जेक्ट बसवून डेटाबेसला हातही न लावता टेस्ट होतात, काही सेकंदांत. पण सेल्सफोर्स सांगतं की २०० रेकॉर्ड टाकून, खऱ्या डीएमएलने टेस्ट करा. मला वाटतं फ्रेमवर्कवाले मॉकच्या प्रेमात पडून हेच विसरतात. मॉकमध्ये व्हॅलिडेशन रूल चालत नाही, फ्लो चालत नाही. सावकाश यांचा गट 'अ' - गट 'ब' चा बग मॉकला जन्मात सापडणार नाही.

जुनेजाणते
निवांतक्षण, 'विसरतात' जरा कठोर झालं, पण मुद्दा रास्त. मी दोन्ही लिहायला लावतो. हिशेबाचे बारीक फाटे मॉकने, आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या महत्त्वाच्या मार्गाला खऱ्या डीएमएलची २०० रेकॉर्डची टेस्ट, फ्लो चालू ठेवून. प्रॉडक्शनला जायला ७५ टक्के कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेला कोड) लागतं ते नुसत्या मॉकनेही भरतं, म्हणून त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

पायवाट
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. आम्ही ऑब्जेक्टवार तक्ता करायला घेतलाय. करार आणि त्याच्या ओळी डोमेनकडे, केस मोरपीस यांच्या पद्धतीने. अजून एक अडचण आहे. डेटा आणताना ट्रिगर बंद ठेवायचे आहेत. एफएफलिबमध्ये डोमेनचे ट्रिगर इव्हेंट बंद करायची सोय आहे, ती पुरेल का?

सावकाश
नाही पुरणार. ती सोय त्या ट्रान्झॅक्शनमधल्या अपेक्सपुरती. फ्लो चालतच राहतील, आणि बाहेरच्या साधनाने डेटा टाकत असाल तर ती ओळ चालवणारं अपेक्सही तिथे नसतं. इथे सेल्सफोर्सचीच सोय वापरा, कस्टम परमिशन. 'ऑटोमेशन वगळा' अशी एक परमिशन करा, फ्लोच्या एंट्री कंडिशनमध्ये ती तपासा, ट्रिगरच्या सुरुवातीला तीच तपासा आणि फक्त डेटा टाकणाऱ्या युजरला परमिशन सेटमधून द्या. काम झालं की काढून घ्या. दोन्ही जगांना बटण एकच.

मोरपीस
व्हॅलिडेशन रूल्समध्येही तीच तपासता येते. आम्ही तसंच ठेवलंय, फार सोयीचं पडतं.

कोरीपाटी
आणि वर्षातून तीन रिलीज येतात त्याचं काय? स्प्रिंग, समर, विंटर. दर वेळी फ्रेमवर्क तुटेल अशी भीती आमच्या मॅनेजरांना वाटते.

रानवारा
अपेक्स क्लासला स्वतःची एपीआय आवृत्ती असते, त्यामुळे रिलीज आलं म्हणून जुना क्लास सहसा एकदम तुटत नाही. प्रीव्ह्यू सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या प्रतीत) रिलीज प्रॉडक्शनच्या काही आठवडे आधी येतं, तिथे सगळ्या टेस्ट चालवा. खरा त्रास वेगळाच आहे. लोक एफएफलिबच्या क्लासमध्येच आपले बदल करून ठेवतात, आणि मग नवीन प्रत आली की कुठली ओळ कुणाची ते कळत नाही. मूळ क्लासला हात लावू नका. आपल्या नावाचा एक बेस क्लास त्यातून काढा आणि बदल त्यात ठेवा. तुमच्या सगळ्या सिलेक्टरनी तुमचा बेस क्लास ओळखावा, एफएफलिबचा नाही.

धडाकेबाज
हे पटलं. आणि सुरुवातीला मी 'पाच-सहा ऑब्जेक्टना नको' म्हणालो होतो, ते अजूनही म्हणतो. फक्त पायवाट यांची ऑर्ग तेवढी छोटी नाही, करार आणि इंटिग्रेशन्स आहेत. तिथे मी यूनिट ऑफ वर्क आणि सिलेक्टर पहिल्या दिवसापासून घेईन. इंटरफेस आणि फॅक्टरी लागतील तेव्हा.

निवांतक्षण
इंटरफेस नाहीत तर मॉक कसे करणार?

धडाकेबाज
अपेक्समध्ये स्टब एपीआय (क्लासची खोटी प्रत बनवायची सोय) आहे, अपेक्समॉक्सही त्यावर चालतं. साध्या क्लासचाही मॉक होतो, इंटरफेस लागतोच असं नाही.

निवांतक्षण
मान्य.

पायवाट
शेवटची शंका विचारतो. करार मंजूर झाला की सर्व्हिस एकाच यूनिट ऑफ वर्कमध्ये करार अपडेट करते, त्याच्या ओळी तयार करते आणि ग्राहकासाठी पोर्टलचा युजरही करते. सँडबॉक्समध्ये मिक्स्ड डीएमएलची एरर येते. यूनिट ऑफ वर्कच्या यादीत क्रम बदलून बघितला, युजर शेवटी टाकला, तरी तेच.

जुनेजाणते
क्रमाने सुटणार नाही ते. यादीतला क्रम पालक आधी, मूल नंतर यासाठी असतो, म्हणजे करार आधी, ओळी नंतर. युजर हा सेटअप ऑब्जेक्ट आहे आणि त्याचं डीएमएल साध्या ऑब्जेक्टबरोबर एका ट्रान्झॅक्शनमध्ये प्लॅटफॉर्म सहसा होऊ देत नाही. युजर करायचं काम क्युएबलमध्ये (नंतर वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालणाऱ्या अपेक्समध्ये) टाका. करार आणि ओळींचं commitWork आधी होऊ द्या आणि त्यानंतर क्युएबल रांगेत घाला. क्युएबलला फक्त कराराचा आयडी द्या, बाकी सगळं त्याने सिलेक्टरमधून नव्याने वाचावं. आणि युजर तयार झाला नाही तर करारावर तसं दिसेल असं एक स्टेटस फील्ड ठेवा. करार मंजूर आणि युजर नाही, ही स्थिती आता खरोखर येऊ शकते, आणि ती मोरपीस यांच्यासारख्या ॲडमिनला लॉग न उघडता दिसायला हवी.

मोरपीस
त्या स्टेटसवर यादी आणि सूचना मी फ्लोमध्ये करून दाखवते, लागली तर व्यनि करा.